माल अव्वल

“घरात काय मेलंय?” दार उघडल्या उघडल्या गुरुदत्तने विचारलं.

“काही मेलेलं नाही. गहू आहे तो,” रेखा आतून ओरडली.

“गव्हाला असा वास येतो?”

“आंबवलेल्या गव्हाला येतो. तीन दिवस भिजवल्याशिवाय चीक निघत नाही, आणि चीक निघाल्याशिवाय कुरडई होत नाही. जन्मभर आईंच्या कुरडया खाल्ल्यात ना? मग?”

गुरुदत्त वाघचौरेने कुरडया खाल्ल्या होत्या हे खरं. पण तळलेल्या, फुललेल्या, आमरसाच्या वाटीशेजारी ठेवलेल्या. तिथे येण्याआधी कुरडई कोणकोणत्या अवस्थांतून जाते ह्याची चौकशी त्याने कधी केली नव्हती. कुठला पुरुष करतो? तो बूटही न काढता बाथरूमपर्यंत गेला आणि नाकाला रुमाल लावून परत आला. शॉवरखाली दोन बादल्या होत्या आणि त्यांच्यावर फेस आला होता.

“बाबा, इट्स लाइक बॉइल्ड सॉक्स,” सोफ्यावरून इरा म्हणाली. इरा सातवीत होती आणि तिचं मराठी कामापुरतंच होतं. “मी आईला म्हटली, आपण ते विकत आणू शकतो. शी गॉट सो अँग्री.”

रागावणारच. विकतच्या कुरडयांचा इथे प्रश्नच नव्हता. गेल्या दिवाळीत रेखा सिन्नरला गेली होती, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे रखमाबाईंनी, आपला पितळेचा सोऱ्या कापडात गुंडाळून तिच्या हातात दिला. “माझे हात आता चालत नाहीत. घेऊन जा. शोभेला ठेव,” असं त्या म्हणाल्या. रेखा म्हणाली, “शोभेला कशाला? मी करीन की कुरडया.” त्यावर रखमाबाई सगळ्या जावा-नणंदांसमोर हसल्या आणि म्हणाल्या, “चीक उतरवायला हात लागतो, बाई. तुझ्यानं नाही व्हायचं ते.”

हे वाक्य रेखाने मस्कतपर्यंत जपून आणलं. सोऱ्याचं वजन जास्त की वाक्याचं, हे विमानवाल्यांनी तपासलं नाही म्हणून बरं. आणि आता एप्रिलमध्ये रखमाबाई पहिल्यांदाच ओमानला येत होत्या. शनिवारी दुपारचं विमान. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या पानात स्वतःच्या हातची कुरडई वाढायची, एक अक्षर बोलायचं नाही, आणि त्या काय म्हणतात ते ऐकायचं, एवढीच रेखाची इच्छा होती. ऊन तर फुकटच होतं. मस्कतजवळ अल खौदला, त्यांच्या घराच्या गच्चीवर सकाळी कुरडई घातली की दुपारी वाजायला लागते.

हे लोक राहायचे ते घर म्हणजे एक मोठा व्हिला होता. खाली मालक खलफान आणि त्याची म्हातारी आई सफिया, वर दोन फ्लॅट. एकात वाघचौरे, समोरच्यात दापोलीची शहनाज. बिल्डिंगीत कुणाला अरबी कळेनासं झालं की शहनाजला हाक मारायची पद्धत होती. पाण्याच्या टँकरवाल्यापासून सफियाच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं ती भाषांतर करून सांगायची. पण नेमकी ह्याच आठवड्यात ती बहिणीकडे सूरला गेली होती. ती असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

गुरुदत्त एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. आडनाव वाघचौरे असलं तरी स्वभाव अगदी उलटा. दिवसभर धोके शोधायचा पगार घ्यायचा आणि घरी आल्यावर तेच काम फुकट करायचं, असा त्याचा संसार चालला होता.

गुरुवारी संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा खलफान जिन्याच्या पायरीशी उभा होता. उंच, अंगात पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, आणि चेहरा असा की आनंदात आहे की रागात हे त्याच्या बायकोलाही कळत नसावं. तो नाक वर करून हवा हुंगत होता.

“सदीक, दोस्त,” तो म्हणाला, “तुम ऊपर नशा बनाता?”

गुरुदत्तच्या हातातली डब्याची पिशवी खाली पडली.

“क... क्या?”

“नशा. माय मदर बोला. विंडो से स्मेल आता. मदर बोला, खलफान, ये नशा है. हंड्रेड पर्सेंट नशा.”

“नो, नो, अर्बाब, मालक! नशा-बिशा कुछ नहीं! मैं तो चाय भी कम पीता है!”

खलफानने चहाचं ऐकून घेतलं, पण त्याचा आणि आपल्या बोलण्याचा संबंध त्याला लागलेला दिसला नाही. “मदर टेल माय ब्रदर,” तो पुढे म्हणाला. “ब्रदर शुर्ता, यू नो? टुमॉरो ब्रदर कम. ही टेक. खलास.”

शुर्ता म्हणजे पोलीस, हे गल्फमध्ये उतरलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कळतं. गुरुदत्तची पाचावर धारण बसली. ‘ही टेक’ म्हणजे काय टेक, कुणाला टेक, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. डबा तिथेच सोडून तो वर पळाला.

“रेखा! फेकून दे! सगळं फेकून दे!”

रेखा तेव्हा स्वयंपाकघरात पदर खोचून बसली होती. गहू वाटून, फडक्यातून पिळून झाला होता. पांढरं दूध मोठ्या टबात निवळत ठेवलं होतं. “काय फेकून देऊ?”

“हे! म्हातारीला वास गेलाय. आपण दारू गाळतोय असं वाटतंय त्यांना. उद्या पोलीस येतोय!”

“कुरडयांना पोलीस?” रेखाला आधी हसूच आलं. “अहो, सांगायचं ना त्यांना, कुरडया आहेत म्हणून.”

“अगं, कुरडयांना अरबीत काय म्हणतात?”

आता हे कुणाला माहीत असणार? शहनाजला माहीत असतं कदाचित, पण तिचा फोन लागेना.

“आणि सांगितलं तरी विश्वास कोण ठेवणार?” गुरुदत्त म्हणाला. त्याच्यातला सेफ्टी ऑफिसर जागा झाला होता. तो एकेका वस्तूकडे बोट दाखवायला लागला. “हे बघ. आंबवलेला गहू. हा फेस. ही गाळायची फडकी. आणि ही... ही नळी कसली?”

“वरचं पाणी ओढून काढायला. टब वाकडा केला की चीक ढवळतो ना.”

“नळी पण आहे! देवा! नळी पण आहे!” गुरुदत्तने कपाळ बडवून घेतलं.

इराने तेवढ्यात फोनवर शोधलं होतं. “बाबा, यू नो व्हॉट? बीअर पण अशीच बनवतात. व्हीट, वॉटर, थ्री डेज. आई, यू आर ऑलमोस्ट देअर.”

“तू गप गं!” दोघंही एकदम ओरडले.

मग नवराबायकोत जे झालं ते सगळं सांगण्यासारखं नाही. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, पोरीची शाळा जाईल, असं गुरुदत्त म्हणाला. सगळं गेलं तरी चालेल पण हा टब मोरीत ओतला जाणार नाही, असं रेखा म्हणाली. “तीन दिवस नाक दाबून पाणी बदललंय मी ह्याचं! परवा आईंना काय सांगू? तुमचा मुलगा घाबरला म्हणून कुरडया नाहीत?” तिचा आवाज चिरकला तसा गुरुदत्त नरम आला.

शेवटी तह झाला. चीक फेकायचा नाही, पण घरातही ठेवायचा नाही. कामावरचा फोरमन तानाजी अल हैलला राहत होता, पाटणकडचा, भरवशाचा माणूस. शुक्रवारी सकाळी टब गाडीत घालून त्याच्याकडे न्यायचा आणि कुरडया त्याच्या गच्चीवर घालायच्या. “समुद्राच्या दमट वाऱ्यात काय वाळणार त्या, डोंबल,” रेखा पुटपुटली, पण तिने ते मान्य केलं.

गुरुदत्तने फोन लावला आणि आवाज खाली आणला. “तानाजी, एक नाजूक काम आहे. थोडं आंबवलेलं सामान तुझ्याकडे ठेवायचंय. गव्हाचं. फोनवर जास्त बोलता येणार नाही.”

पलीकडे तानाजी आनंदाने गदगदून म्हणाला, “आवं आणा की साहेब! किती लिटर हाय? पोरांना सांगू का चकण्याचं?”

गुरुदत्तने फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

शुक्रवारी सकाळी वाघचौरे कुटुंब जिना उतरायला लागलं. पुढे इरा, हातात पितळी सोऱ्या. मागे नवराबायको, दोघांच्या मध्ये टब, टबावर इराची जुनी चादर. नळी घरात सापडली तर पुरावा होईल म्हणून गुरुदत्तने ती गळ्यात अडकवून घेतली होती. ती तिथे जास्त दिसते हे त्याच्या लक्षात आलं नाही.

“हळू. डावीकडे घ्या. डुचमळतंय,” रेखा कुजबुजत होती.

“श्श! दार बंद आहे त्यांचं. पटकन.”

आणि खालचं दार उघडलं. दारात सफिया उभी होती. डोक्यावर फुलाफुलांची ओढणी, म्हणजे लैसो, हातात काठी. तिने टबाकडे पाहिलं. मग नाक पुढे करून एक लांब श्वास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले.

“नशा!” ती ओरडली. “माशाल्ला! नशा! नशा माल अव्वल!”

“बघ!” गुरुदत्त रेखाला म्हणाला. “मालाची प्रत पण सांगतेय ती!”

सफियाने काठी टाकली आणि दोन्ही हातांनी टबाची कड धरली. गुरुदत्तने टब आपल्याकडे ओढला. तिने तिच्याकडे ओढला. म्हातारीत जोर बराच होता. “सोड गं आज्जी! नो नशा! धिस इज कुरडई! कु-र-डई!” गुरुदत्त गयावया करत होता, आणि ती “नशा, नशा” म्हणत टब सोडत नव्हती. “अहो, सांडेल! सांडेल!” रेखा किंचाळली, आणि सांडलंच. टब कलंडला, पांढराशुभ्र दाट चीक पायऱ्यांवरून सावकाश खाली निघाला, त्यावर गुरुदत्तचा पाय पडला आणि तोही चिकामागोमाग निघाला. तो थांबला तेव्हा त्याच्या नाकासमोर दोन काळे चकचकीत बूट होते.

गुरुदत्तने वर पाहिलं. युनिफॉर्म. युनिफॉर्ममध्ये खलफानचा भाऊ. आणि त्याच्या हातात एक भलं मोठं रिकामं पातेलं.

‘जप्त करायला भांडं पण आणलंय,’ गुरुदत्तच्या मनात आलं. त्याने उठून बसत हात वर केले. “सर, माय वाइफ इज इनोसंट. ऑल नशा इज माय नशा.”

रेखाने ते ऐकलं मात्र, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. “काय वाट्टेल ते कबूल काय करताय!” तिने टबात उरलेल्या चिकात बोटं बुडवली आणि पोलिसाच्या डोळ्यांसमोर चाटून दाखवली. “सी? खाने का चीज है! नो दारू! इरा, तू पण चाट!”

“ईऽ! नो वे!” इरा सोऱ्या घेऊन दोन पायऱ्या मागे सरकली.

पोलीस ह्या तिघांकडे आळीपाळीने बघत होता. आवाज ऐकून आतून खलफान आला. तोही बघत राहिला. नेमकी तेव्हाच बाहेर टॅक्सी थांबली आणि पिशव्या सावरत शहनाज आत शिरली.

“या अल्ला! ह्या काय सांडलाय? भाऊजी, तुमी खाली कशाक बसलाव?”

“शहनाज!” रेखाने तिचा हातच धरला. “हे म्हणतायत आम्ही नशा करतो! सांग ना ह्यांना, आम्ही नाही गं तसले!”

शहनाजने सफियाला काहीतरी विचारलं. सफिया भराभरा बोलायला लागली, मध्येच डोळे पुसले, पुन्हा बोलली. शहनाज ऐकता ऐकता तोंडावर ओढणी दाबून हसायला लागली, आणि हसता हसता पिशव्यांवरच बसली.

“अगो रेखा, नशा म्हंजे ह्यांच्या बोलीत चीक! गव्हाचा सत्त्व! दुकानात स्टार्च मिळतो ना, ता नशा!”

गुरुदत्तचे हात अजून वरच होते.

“आणि माल अव्वल?” त्याने बारीक आवाजात विचारलं.

“माल अव्वल म्हंजे पयल्यासारखा. जुन्या काळचा. हिचा बाप हलवाई होता, ओमानी हलवा करायचा. तेव्हा घरात असा गहू भिजवून नशा काढायचे. आता सगळे पुड्याचाच आणतात. तीन दिवस खिडकीतून वास येतोय, तर म्हातारी झोपली नाय. बापाची याद येते म्हणते. लेकाला सांगितलान, पातेला घेऊन ये, थोडा मागून घेऊ.”

खलफानने मान डोलावली. “आय टोल्ड हिम,” तो म्हणाला. “ब्रदर कम, ही टेक. हलवा मेक. ही मच अफ्रेड. व्हाय?”

पोलिसाने पातेलं खाली ठेवलं आणि गुरुदत्तला हाताला धरून उभं केलं.

रेखा मात्र पायरीवर बसली होती. टबाच्या तळाशी थोडासा चीक उरला होता, बाकीचा जिन्यावर होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या आई येणार, पान वाढायचं, आणि पानात काय? एवढ्याशा चिकात सोऱ्याही भरला नसता. समोर सफिया टबात बोट बुडवून ते नाकाशी धरून उभी होती, आणि तिचेही डोळे भरले होते. रेखाने तिच्याकडे पाहिलं, नाक ओढलं आणि उरलेला सगळा चीक पोलिसाच्या पातेल्यात ओतला.

“घेऊन जा,” ती म्हणाली. “एकीचं तरी होऊ दे.”

शनिवारी रखमाबाई आल्या. चप्पल काढायच्या आधी त्यांनी विचारलं, “काय गं, कुरडया झाल्या का?”

“नाही झाल्या, आई,” रेखा खाली बघत म्हणाली.

“मी म्हटलंच होतं.” रखमाबाईंनी सोऱ्या शोकेसमध्ये आहे का ते पाहिलं. तिथे होता. “शोभतोय,” त्या म्हणाल्या. गुरुदत्तला बायकोच्या बाजूने काही बोलावंसं वाटलं, पण सगळं बोलायचं म्हटलं तर जिनाही सांगावा लागला असता. त्याने आईची बॅग उचलून आत नेली.

संध्याकाळी चहा होतोय तोच दारावर काठी वाजली. सफिया आली होती. एकेक पायरी चढत, मागे शहनाज, शहनाजच्या हातात मोठा वाडगा. वाडग्यात तुपाने चकाकणारा तांबूस हलवा होता आणि केशर, गुलाबपाण्याचा वास घरभर पसरला. सफिया रेखाकडे बोट दाखवून “नशा, नशा” म्हणाली आणि तिने रेखाचे दोन्ही गाल धरले.

रखमाबाईंनी चमचाभर हलवा तोंडात घातला. घोळवला. डोळे मिटले. आणखी एक चमचा घेतला. रेखा ओट्याशी पाठ टेकून उभी होती.

“हे दुकानातलं पीठ नाही,” रखमाबाई म्हणाल्या. “हा गव्हाचा चीक आहे. तिन्ही दिवस पाणी बदललेला. जरा म्हणून आंबट लागत नाही. कोणी काढला?”

“मी,” रेखा म्हणाली.

रखमाबाईंनी सुनेकडे पाहिलं. वाडग्याकडे पाहिलं. “उतरलाय,” त्या म्हणाल्या. “माझ्यापेक्षा पांढरा उतरलाय.” आणि मग, चमचा खाली ठेवत, “तो सोऱ्या काढ खाली त्या कपाटातून. सोमवारी गहू घालू. तू चीक काढ, मी नुसती बसून बघते.”

रेखा पटकन बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून मनसोक्त रडली. नळ कशाला सोडला, कोण जाणे. सगळ्यांना ऐकू येतच होतं.

“ही बाई सारखी नशा-नशा काय म्हणते गं?” रखमाबाईंनी नातीला विचारलं.

“आजी, अरबीमध्ये चीकला नशा म्हणतात,” इराने समजावून सांगितलं, आणि शुक्रवारची जिन्यावरची सगळी हकिकतही सांगून टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने आजीला एक शब्द शिकवला होता. रखमाबाईंना तो फार आवडला. चीक म्हणायला दात आवळावे लागतात, नशा कसं सहज येतं, असं त्या म्हणाल्या आणि झोपेपर्यंत तोच शब्द वापरत राहिल्या.

रविवारी सकाळी त्यांनी इराच्या फोनवरून सिन्नरला भावाला फोन लावला. परदेशातून बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलायला हवं, अशी त्यांची समजूत होती.

“दादाऽ! पोचले! सगळं छान आहे! अरे, आपली रेखा घरीच नशा करते! ... नशा, नशा! बाथरूममध्ये! ... नाही, गुरुदत्तला जमत नाही, तो नुसता पडतो! ... खाली पोलीस येतो ना, तो पातेलं भरून घेऊन जातो! ... मी पण घेतली की काल! दोनदा घेतली! उद्यापासून आम्ही दोघी मिळून करणार...”

इथे इराच्या फोनमधला बॅलन्स संपला.

रखमाबाईंनी समाधानाने फोन नातीला दिला आणि त्या गहू निवडायला बसल्या. सुनेची एवढी स्तुती त्यांनी आजवर कुणाजवळ केली नव्हती.

गुरुदत्त तेव्हा साइटवर, एका मचाणाखाली उभा होता. खिशात फोन थरथरला. स्क्रीनवर ‘सिन्नर मामा’. त्याच्या मागे नगरच्या आत्याचा, नाशिकच्या काकांचा, आणि एका मेव्हण्याचा, जो एरवी वाढदिवसालाही फोन करत नसे. त्याने मामांचा उचलला.

“गुरुदत्त,” मामा कुजबुजले, “खरं सांग. सूनबाई... सूनबाई नशा करते म्हणे?”

शेजारी तानाजी उभा होता. शुक्रवारपासून तो चकणा घेऊन वाट बघत होता, आणि आता त्याने कान टवकारले. गुरुदत्तने हेल्मेट काढून घाम पुसला. त्याला पायरीवर बसलेली रेखा आठवली, आणि काल नळ सोडून रडणारी रेखा आठवली.

“हो मामा, करते,” तो म्हणाला. “आणि एकदम माल अव्वल.”